विहिरीच्या गेमचं कपाट

माझ्या नवऱ्याच्या छातीवर कपाट कोसळलं होतं आणि दाराची कडी काढूनही दार उघडत नव्हतं. बोटभर फट पडे आणि दार पुन्हा कपाटाला टेके. नवरा खाली फरशीवर, पलंगाला पाठ लागलेली, पाय पुढे ताणलेले. कपाटातल्या गेमच्या बटणांची फळी त्याच्या छातीत रुतलेली आणि टीव्हीचा चालू पडदा डोक्यावर छतासारखा. स्वयंपाकघरात गॅसवर कुकर होता. फोनही तिथेच. बाहेरच्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली मुलाच्या खिशात, बँकेत. मी खोलीच्या आत.

मी आधी ओरडले नाही. आधी पाहिलं की तो श्वास घेतोय का. घेत होता, पण अर्धाच.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. तोंडावर मी 'अहो' म्हणते. इथे लिहिताना नवरा म्हणते, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ होणार नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे जसं झालं तसंच सांगते.

नवरा केंद्र सरकारच्या खात्यात होता. नोकरीभर बदल्या. आता मुलगा बँकेत आहे, त्यालाही बदल्या. सध्या आम्ही जयपूरला, शास्त्रीनगरात, तळमजल्यावर भाड्याने राहतो. वर घरमालकीण राहते. सून कॉलेजात शिकवते. सकाळी दोघं डबे घेऊन निघतात ते संध्याकाळी येतात.

नवऱ्याची आठवण गेली. एकदम नाही गेली, भिंतीचा रंग उडतो तशी कुठे कुठे गेली. आधी लोकांची नावं, मग घराचा पत्ता, मग जेवलो की नाही ते. हिंदी तर जवळजवळ सगळीच गेली. इतकी वर्षं हिंदीत कचेरी चालवलेला माणूस दूधवाल्याशी आमच्या गावाकडच्या मराठीत भांडायला लागला. दूधवाला म्हणे, "माताजी, बाबूजी क्या बोल रहे हैं?" मी म्हणे, दुधात पाणी आहे म्हणतायत. तेवढं मात्र खरं होतं.

यंदा होळीनंतर तो फाटक उघडून गेला. दिवसभर शोधलं. आमेरकडे जाणाऱ्या बसेस पाहिल्या, देवळं पाहिली, दवाखाने पाहिले. शेवटी चाकसूला सापडला, शीतलामातेच्या जत्रेत. जत्रेला निघालेल्या बायकांच्या बसमध्ये चढला होता. त्या बायकांनी त्याला आदल्या दिवशीची थंड पुरी आणि बाजरीची ताकातली राबडी खायला घातली आणि सांभाळून ठेवला. मुलगा आणायला गेला तेव्हा नवरा त्यालाच विचारतो, "तुम्ही कोणत्या खात्यातले?"

दुसऱ्या दिवशी मुलाने फाटकाचं जुनं कुलूप काढून नवं आणलं. जुन्याची एक किल्ली मालकिणीकडे होती. नव्याच्या दोन, एक त्याच्याकडे आणि एक सुनेकडे. मला दिली नाही. म्हणाला, "आई, बाबा तुझ्याकडून काढून घेतील." ते खरं होतं. नवरा माझ्या कमरेची पिशवीसुद्धा चाचपायचा. पण खरं असलं तरी त्याचा अर्थ असा की रोज सकाळी मलाही कुलूप लागायचं. कोथिंबीर आणायला मी फाटकाच्या गजांतून हात काढायचे. भाजीवाला त्या हातात जुडी ठेवायचा.

नवरा दिवसभर फाटक हलवायचा आणि ओरडायचा, "उघडा, मला उशीर होतोय." पहिल्या आठवड्यात गल्लीतले लोक थांबून पाहत. मग थांबायचे बंद झाले. आमच्या घरातून ओरडणं येतं हे सगळ्यांना माहीत झालं. हे लक्षात ठेवा.

कपाटाची कल्पना मुलाची. तो शाळेत असताना आमची बदली भोपाळला होती. तिथे सिनेमागृहाच्या खाली व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कचेरी सुटली की नवरा मुलाला घेऊन तिथे जायचा आणि मला सांगायचा की साहेबांनी थांबवलं. भाजीत एक बटाटा जास्त पडला तर विचारणारा माणूस तिथे नाण्यामागून नाणं घालायचा. एकच गेम खेळायचा. एक माणूस दोराला धरून विहिरीत उतरतो आणि कपारीतली सोन्याची मडकी वर आणतो. खालून पाणी चढत राहतं. मी तो तेव्हा कधी पाहिला नाही, बायका जात नसत तिथे. पण आठवण गेल्यावर नवरा जेवताना चमचा उजवीकडे डावीकडे हलवायला लागला आणि म्हणायला लागला, "पाणी आलं, पाणी आलं." मुलाने ते ओळखलं.

आधी त्याने तो गेम फोनवर आणून दिला. नवऱ्याने फोन उलटा धरून कानाला लावला. मग टीव्हीवर लावला, त्यात शेकडो गेम. चुकून दुसरं बटण दाबलं की गाड्या नाहीतर मारामारी यायची आणि नवरा घाबरून रडायचा. म्हणून मुलाने ठरवलं की दुकानात होतं तसं उभं कपाट बनवायचं आणि त्यात फक्त हा एकच गेम ठेवायचा. बाहेर पडायला बटणच नाही.

सूनबाई म्हणाली, "मतलब, बाबांसाठी अजून एक कुलूप." मुलाला राग आला. मला वाटलं, बरोबर बोलली.

सुतार घरीच आला. इथे पलंग काय, कपाट काय, सुतार घरी येऊन खोलीतच बनवतो. नवरा झोपतो त्याच खोलीत त्याने प्लाय कापला. महिनाभर भाकरीत भुसा. मुलगा रविवारी त्याच्याबरोबर बसायचा, कागदावर काढून दाखवायचा, पडदा इतका तिरका, फळी पोटाच्या उंचीला. नवऱ्याला उभं करून त्याच्या कोपराशी खूण केली, शिंप्यासारखी. पडदा जुन्या काचेच्या टीव्हीचाच पाहिजे म्हणून मुलाने कबाडीच्या दुकानातून जुना टीव्ही आणला. तो वर चढवायला दोन माणसं लागली. आत तळहाताएवढा संगणक. लाल गोळ्याचा दांडा, दोन बटणं. मागे दार, कपाटाला असतं तसं. खाली चाकं, झाडायला सोपं म्हणून.

आणि नाण्याची फट. मुलाला ती नुसती दिखाव्याची ठेवायची होती. पण नवरा नाणं घातल्याशिवाय दांड्याला हात लावेना. "फुकट कसं खेळायचं," म्हणाला, "मालक ओरडेल." मग ती खरी करावी लागली. जुने जाड रुपये होते माझ्या देवाच्या डब्यात, ते दिले. आत एका प्लास्टिकच्या डब्यात पडायचे. मी मागचं दार उघडून पुन्हा त्याच्या हातात द्यायचे. दिवसभर तेच काम. तो घालायचा, मी काढायची.

पण चाललं. हे मी नाकारणार नाही. फाटक हलवणं कमी झालं. खेळताना त्याची मान सरळ व्हायची. हरला की मुलाच्या नावाने हाक मारायचा, "ये, आता तुझी पाळी." आणि मुलगा घरात असला तर जायचा. मी खिडकीशी खुर्ची टाकून भाजी निवडायची. खोलीचं दार लावून घ्यायची, नाहीतर तो खेळता खेळता फाटकाकडे जायचा. बघून बघून मलाही तो गेम पाठ झाला. पाणी माणसाच्या गळ्याशी आलं की दांडा सोडून द्यायचा. धडपड केली तर तो बुडतो. हलला नाही तर तरंगतो आणि वरून दोर येतो. नवऱ्याला कधी हे जमायचं, कधी नाही.

आता भिंतीचं सांगते, कारण सगळं तिथे आहे.

आमच्या घरात भिंतीला खिळा मारत नाहीत. हा नवऱ्याचा नियम. बदलीचं घर, दुसऱ्याची भिंत, जाताना भोकं दिसली तर मालक बोलणार. उभ्या संसारात मी खिळा मारलेला पाहिला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला. आरसा ट्रंकेवर टेकवलेला. आमच्या लग्नाचा फोटो कायम आडवा, कपड्यांच्या खाली. पडदे दोरीवर आणि दोरी एका खिडकीच्या गजापासून दुसऱ्या खिडकीच्या गजापर्यंत. घर सोडताना मालक म्हणायचे, तुम्ही राहत होतात असं वाटतच नाही. नवरा खूश व्हायचा. मी नाही व्हायची.

मुलाने कपाट भिंतीला बांधायला लोखंडी पट्ट्या आणल्या होत्या. वरचं वजन जास्त होतं, त्याला कळत होतं. ड्रिल सुरू केलं मात्र, नवरा पलंगावरून उठला. स्वतःच्या सुनेला ताई म्हणणारा माणूस, पण नियम जसाच्या तसा आठवत होता.

"भाड्याच्या भिंतीला भोक पाडतोस? लाज नाही वाटत?"

त्याने ड्रिलची वायर ओढून काढली. मुलाने ड्रिल ठेवून दिलं. म्हणाला, नंतर करू, बाबा झोपले की. बाबा झोपत होते तेव्हा तोही दमून झोपत होता. आणि खरं सांगायचं तर त्यालाही भिंतीत भोक पाडायची भीती वाटत होती. तोही त्याच नियमात वाढलेला. पट्ट्या खणात गेल्या.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही हत्यारं, यंत्रं पुजतो. मुलाचा लॅपटॉप, सुनेची स्कूटर, माझी विळी आणि या वर्षी हे कपाटही. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. पूजा नवऱ्याने केली. पूजा त्याला येते, हात आपोआप चालतात. सगळं झाल्यावर त्याने मूठभर अक्षता घेतल्या, नाण्याच्या फटीपुढे उभा राहिला आणि देवळातल्या पेटीत टाकाव्यात तशा आत सोडल्या. हात जोडले. आम्ही सगळे हसलो. मुलाने फोटो काढला. आत तांदूळ कुठे गेले हे कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दसरा, यंत्र बंद. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, सूनबाई तशीच दिसणारी कचनारची आणते, ती वाटून झाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेले. कुलूप लागलं. मी कुकर बारीक गॅसवर ठेवला आणि मेथी घेऊन खोलीत आले. नवऱ्याने रुपया घातला. रुपया अडकला. पुन्हा एक घातला, तोही अडकला. पडद्यावर माणूस विहिरीच्या काठावर उभा, उतरेना. नवऱ्याने कपाटाला चापट मारली. भोपाळच्या दुकानात तसंच करत असतील. मी म्हटलं, थांबा, मी मागून बघते. मी मेथी बाजूला ठेवून उठेपर्यंत त्याने दोन्ही बाजू धरून कपाट स्वतःकडे ओढलं. चाक फरशीच्या सांध्यात अडकलं आणि वरचा टीव्ही पुढे आला. तो मागे बसला म्हणून वाचला. उभा असता तर कपाळ फुटलं असतं.

तर आता पुन्हा तिथे येते.

कपाटाचं डोकं पलंगाच्या गादीवर टेकलं होतं, बूड सरकून दारापुढे आलं होतं आणि गादी दबत होती. गादी दबेल तशी फळी खाली येत होती. मी कपाट उचलून पाहिलं. माझ्याने काय उचलतंय. विजेची भीती वाटली म्हणून भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला आणि त्याच्या डोक्याभोवती अंधार झाला. तो इतका धडपडला की फळी आणखी सरकली आणि त्याच्या तोंडून आवाज यायचा बंद झाला. मी बटण पुन्हा चालू केलं. सूर वाजला. निळा उजेड पडला. त्याच्या तोंडावर विहीर दिसायला लागली, माणूस आपोआप उतरत होता, कोणी खेळत नसताना दाखवतात तसा.

मी पलंगावर पालथी झाले आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"अहो, हलू नका. पाणी गळ्याशी आलंय."

त्याने डोळे वर केले.

"दांडा सोडा. हात सोडा. दोर येईपर्यंत हलायचं नाही."

"कोण सोडणार दोर?"

"मी वर आहे," मी म्हणाले.

त्याने हात सोडले. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसला. श्वास बारीक पण एकसारखा झाला. मी पलंगाखालून बदलीची ट्रंक ओढली. तिच्यावर अजून आमच्या जुन्या गावांची नावं रंगवलेली आहेत, एकावर एक. ट्रंक रिकामी नव्हती, पण ढकलता आली. ती उभी करून फळीच्या टोकाखाली सारली. वर राहिलेल्या फटीत उशी घडी करून कोंबली. फळी ट्रंकेवर टेकली आणि खाली यायची थांबली. वर गेली नाही, पण थांबली.

मग मी ओरडले. खिडकीत कूलर बसवलेला होता, थंडी पडेपर्यंत तो काढत नाहीत. माझा आवाज त्या पत्र्याच्या पेटीत जात होता. मराठीत ओरडले, हिंदीत ओरडले. गल्लीतून स्कूटर गेली. भंगारवाला गेला, त्याची हाक मला ऐकू आली, त्याला माझी नाही. आणि कोणाला आली असेल तरी आमच्या घरातून ओरडणं येतंच. दाराच्या फटीतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग शिट्ट्या बंद झाल्या. पाणी आटलं होतं. मला आता कपाटापेक्षा गॅसची भीती वाटायला लागली. मी तसं त्याला काही सांगितलं नाही. त्याने दोनदा विचारलं, "दोर आला का?" मी दोनदा म्हणाले, येतोय.

काय वाटलं असं मला सून नंतर विचारत होती. काय वाटणार. मला वाटलं की हा माझ्यासमोर जाईल आणि मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहीन, आणि मग माझा मुलगा किल्ली घेऊन येईल. किल्लीचाच विचार जास्त येत होता.

कुकरचा व्हॉल्व्ह उडाला. घर हादरलं असं वाटलं. मग जळक्या डाळीचा वास. माझ्या ओरडण्याला कोणी आलं नाही, डाळीच्या वासाला मालकीण आली. तिचा आवाज फाटकाशी आला. "मांजी, गैस बंद करो!" मी फटीतून ओरडले, बंद करायला बाहेर येता येत नाही, बाबूजी कपाटाखाली आहेत. तिच्याजवळची किल्ली नव्या कुलपाला लागेना. ती बाई जाड आहे आणि तिचे गुडघे दुखतात, तरी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याला घेऊन पळत आली. त्याने कुलूप कापलं. गॅस तिने बंद केला. खोलीच्या दाराची वरची फळी त्याने हातोड्याने फोडली, आत उतरला, मग गल्लीतली आणखी माणसं आली. तेव्हा कपाट उभं राहिलं.

नवऱ्याच्या दोन बरगड्यांना तडा गेला होता. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं कसं झालं, तर तो म्हणाला, विहिरीत पडलो होतो. मुलाने तोंड फिरवलं.

मालकिणीला कपाटाची हकिकत कळली तेव्हा तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, "कील ठोकने से किसने मना किया था? पूरी दीवार ठोक लेते." आम्ही कधी तिला विचारलंच नव्हतं. कोणत्याच मालकाला कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलगा नवं कुलूप घेऊन आला. आणणार, मला माहीत होतं. मी हात पुढे केला.

"एक किल्ली मला. एक मालकिणीला."

"आई, बाबांना सापडली तर ते पुन्हा जातील."

"जाऊ देत. चाकसूला गेले तर कोणी खायला घालेल. मी आत मरणार नाही."

सूनबाईने त्याच्या हातातून किल्ली घेऊन माझ्या हातात ठेवली.

दोन दिवसांनी त्याने कपाट भिंतीला बांधलं. नवरा दवाखान्यात होता, म्हणून जमलं. चार भोकं पाडली. ड्रिल थांबल्यावर मी त्याला म्हणाले की आता आहेसच तर पाचवंही पाड. तिथे आमचा लग्नाचा फोटो लावला. फोटोत मी फार चिडलेली दिसते, ते मला आत्ता कळलं. नाण्याच्या फटीतले तांदूळ सुतळीच्या सुईने काढले. हळद लागल्यामुळे ते पिवळे होते.

किल्ली माझ्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात आहे. त्या किल्लीने फाटक उघडून मी कुठे गेले, असं कोणी विचारेल. कोपऱ्यापर्यंत. भाजीवाल्यापर्यंत, स्वतः निवडून जुडी घ्यायला. त्यापुढे नाही. त्याला एकटं सोडून कुठे जाणार. सकाळी कुलूप लागतंच, फक्त आता आतून मी लावते.

नवरा घरी आला तेव्हा भिंतीकडे बराच वेळ पाहत होता. मला वाटलं आता रागावणार. पण कपाटाला हात लावून म्हणाला, "घट्ट आहे," आणि रुपया मागितला.

त्या दिवशी खोलीत मी होते आणि माझा नवरा होता. दोघंही वाचलो. हे लिहिताना तो खेळतोय, आणि मी खिडकीशी बसले आहे.